प्रीप्रिंटची यांत्रिक तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या प्रीप्रिंटला जोडलेला, एखाद्या सॉफ्टवेअरने लिहिलेला अहवाल पहिल्यांदा दिसला की लेखकाच्या मनात साधारण दोनच प्रश्न येतात: हे कोणी केलं, आणि हे काढून टाकता येतं का? दोन्हींची उत्तरं पुढे आहेत. घाईत असलेल्यांनी थेट तिकडे जावं. बाकीच्यांसाठी सुरुवातीपासून.

प्रीप्रिंट म्हणजे काय?

जर्नलच्या समीक्षणाची, म्हणजे त्या विषयातल्या इतर तज्ज्ञांनी निबंध तपासण्याची, वाट न पाहता लेखकांनी स्वतः जाहीर केलेला शोधनिबंध. भौतिकशास्त्रात ही पद्धत रुळली ती १९९१ पासून. त्या वर्षी पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत एक सर्व्हर सुरू केला, तोच पुढे आर्काइव्ह झाला. जीवशास्त्र बरंच उशिरा आलं: बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये आणि वैद्यकासाठीचं मेडआर्काइव्ह २०१९ मध्ये सुरू झालं. मेडआर्काइव्ह सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तोच कोविडची साथ आली आणि प्रीप्रिंट हा शब्द वर्तमानपत्रांत पोचला.

सर्व्हर स्वतः काही तपासत नाही का?

तपासतो, पण वरवर. निबंध विज्ञानाचा आहे का, मजकूर उचललेला नाही ना, त्यातून लोकांच्या आरोग्याला धोका होईल असं काही नाही ना, एवढं पाहिलं जातं. पद्धत बरोबर आहे की नाही हा प्रश्न त्या टप्प्यावर कोणी विचारत नाही. प्रीप्रिंटच्या पानावर ‘समीक्षण झालेलं नाही’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी.

मग यांत्रिक तपासणीत नेमकं काय पाहतात?

ज्या गोष्टी निबंधात लिहिलेल्या असायला हव्यात, त्या लिहिल्या आहेत का, हे. डेटा आणि कोड कुठे ठेवला आहे? प्राण्यांवरचा प्रयोग असेल तर त्यांची गटांत विभागणी रँडम केली होती का? मोजमाप घेणाऱ्याला कोणता नमुना कोणत्या गटातला हे माहीत होतं का (ते माहीत होऊ न देण्याला ब्लाइंडिंग म्हणतात)? किती नमुने घ्यायचे हे आधी ठरवलं होतं का? नर-मादी, स्त्री-पुरुष यांचा उल्लेख आहे का? अभ्यासाच्या मर्यादा कबूल केल्या आहेत का? निधी कोणाचा, हितसंबंध कोणाचे? क्लिनिकल ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांक दिला आहे का, आणि तो क्रमांक नोंदणीत खरंच सापडतो का?

यातलं एकच काम नीट करणारी छोटी साधनं बरीच आहेत. ओडीडीपब खुला डेटा आणि कोड शोधतं. सायस्कोअर पद्धतींचा विभाग वाचतं आणि अँटिबॉडी, पेशींच्या ओळी यांसारखी सामग्री नेमकी ओळखता येईल अशी नोंदवली आहे का ते सांगतं. बारझूका आलेख, विशेषतः स्तंभालेख, पाहतं. जेटफायटर आकृत्यांमधले रंग पाहतं. नोंदणी क्रमांक, निबंधातल्या मर्यादा, मागे घेतलेल्या निबंधांचे संदर्भ यांसाठीही वेगवेगळी साधनं आहेत. एकच सॉफ्टवेअर सगळं करतं असं समजून लोक विचारतात, म्हणून हे सांगितलं. अहवालातली एखादी ओळ चुकली असेल तर ती कोणत्या साधनाची आहे हे आधी पाहावं.

हे कधी आणि कोणी सुरू केलं?

सुटी साधनं आधीपासून होती. ती एकत्र बांधून प्रीप्रिंटवर मोठ्या प्रमाणात चालवायचं काम कोविडच्या काळात झालं. वेगवेगळ्या देशांतल्या साधनकर्त्यांनी एक गट केला आणि स्क्रीनआयटी नावाची एक साखळी तयार केली. बायोआर्काइव्ह आणि मेडआर्काइव्हवर येणाऱ्या कोविडच्या प्रीप्रिंटवर ही साखळी चालायची आणि अहवाल वेबपानावर टिपणं जोडण्याच्या हायपॉथेसिस या सोयीतून सर्वांना दिसेल असा लावला जायचा.

त्यांनी जुलै २०२०च्या मध्यापर्यंतचे ६,५७० प्रीप्रिंट तपासले आणि निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडले. खुला डेटा १३.६ टक्के निबंधांत, खुला कोड १४.३ टक्क्यांत. अभ्यासाची एक तरी मर्यादा सांगणारे ३४.४ टक्के. म्हणजे जग ज्या निबंधांवर डोळे लावून बसलं होतं, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश निबंधांत ‘आमच्या अभ्यासात हे उणं आहे’ असं सांगणारं वाक्य यंत्राला सापडलं नाही. घाईत लिहिलेले निबंध होते हे मान्य. पण घाईत केलेल्या अभ्यासाच्या मर्यादा जास्त असतात, कमी नव्हे.

पारदर्शक निबंध म्हणजे पुन्हा करून पाहता येणारा निबंध का?

नाही, ती फक्त पहिली पायरी. इथे तीन गोष्टींची गल्लत होते. काय केलं ते पूर्ण सांगणं ही एक. तोच डेटा आणि तोच कोड घेऊन दुसऱ्याला तोच आकडा मिळणं ही दुसरी. आणि नव्याने प्रयोग करून तसाच निष्कर्ष येणं ही तिसरी, सगळ्यात अवघड. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करण्याचा मोठा प्रकल्प २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच तसा आला. कर्करोगाच्या बाबतीत त्याआधी, २०१२ मध्ये, अॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ५३ गाजलेल्या अभ्यासांपैकी फक्त ६ आपल्याला पुन्हा जमले असं लिहिलं होतं.

यांत्रिक तपासणी या तिसऱ्या गोष्टीबद्दल काहीच सांगू शकत नाही. पहिलीबद्दल बरंच सांगते. दुसरीबद्दल एवढंच, की डेटा आणि कोड सापडतो म्हणजे निदान प्रयत्न करून पाहता येईल.

यंत्राला निबंध समजतो का?

समजत नाही. काही साधनं ठरावीक शब्द आणि त्यांच्या आसपासचे शब्द शोधतात: ‘डेटा’, ‘जमा केला’, ‘झेनोडो’, ‘गिटहब’ (डेटा आणि कोड ठेवण्याची संकेतस्थळं) असे एकाच वाक्यात आले की खूण होते. काही साधनं माणसांनी आधी खुणा केलेल्या हजारो वाक्यांवरून शिकलेली असतात. आलेख पाहणारी साधनं चित्रं ओळखायला शिकलेली असतात.

एक नेहमीचं वाक्य घ्या: ‘या अभ्यासाचा डेटा वाजवी विनंती केल्यास लेखकांकडून मिळेल.’ वाक्य नम्र आहे आणि जर्नलच्या रकान्यात चपखल बसतं. ओडीडीपबसारखं साधन याला खुला डेटा मानत नाही. अनेक लेखकांना हा अन्याय वाटतो. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच पत्र लिहून डेटा मागितला गेला. मिळाला १२२ जणांकडून, म्हणजे ६.८ टक्के. बाकीच्यांनी एकतर उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला. तेव्हा इथे यंत्र कडक आहे असं म्हणण्यापेक्षा ते अनुभवी आहे असं म्हणावं.

आम्ही डेटा दिला आहे, तरी अहवाल ‘सापडला नाही’ म्हणतो. असं का?

बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं. डेटाचा उल्लेख फक्त पुरवणी फाइलमध्ये आहे आणि यंत्राने मुख्य मजकूरच वाचला. पीडीएफमधून मजकूर काढताना दुवा दोन ओळींत तुटला. दुवा तळटिपेत आहे. किंवा लेखकांनी संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता दिला आहे आणि तो यंत्राच्या यादीत नाही. कधी वाक्यच इतकं आडवळणाचं असतं की माणसालाही दोनदा वाचावं लागतं.

पण चुका दोन्ही बाजूंनी होतात, आणि त्यांचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, १,००० प्रीप्रिंट आहेत आणि त्यातल्या १५० मध्ये डेटा खरंच खुला आहे. साधन खुला डेटा असलेल्या दर १०० पैकी ८० निबंध पकडतं आणि नसलेल्या दर १०० पैकी ४ ठिकाणी चुकून ‘आहे’ म्हणतं. कागदावर हे साधन चांगलंच आहे. आता मोजा: १५० पैकी १२० सापडले, ३० निसटले. उरलेल्या ८५० पैकी ३४ ठिकाणी खोटी खूण. एकूण ‘आहे’ अशा खुणा १५४, त्यातल्या ३४ चुकीच्या. म्हणजे दर पाचांतली एक तरी खूण फसवी. उलट ‘सापडला नाही’ असं म्हटलेल्या ८४६ पैकी चुकीचे ३०, म्हणजे शंभरात चारही नाहीत. खुला डेटा जितका दुर्मीळ, तितकी ‘आहे’ या खुणेवरची भिस्त कमी ठेवावी. लेखक तक्रार करतात ती ‘नाही’बद्दल. वाचकांनी मात्र ‘आहे’च उघडून पाहावं.

आमच्या अभ्यासात ब्लाइंडिंगचा प्रश्नच येत नाही. तरी ‘उल्लेख नाही’ असं का येतं?

कारण निबंध कोणत्या जातीचा आहे हे यंत्राला नेहमी कळत नाही. साथ कशी पसरेल याचं गणिती मॉडेल करणाऱ्याने ब्लाइंडिंग कोणाचं करायचं? संगणकातल्या आकड्यांना नर-मादी नसते. अशा वेळी ‘उल्लेख नाही’ हा दोष नसतो, तो रकानाच गैरलागू असतो. चांगले अहवाल हे आधीच सांगतात की एखादी बाब लागू आहे की नाही हे साधनाला ठरवता येत नाही. तरी वाचणारा ती ओळ वगळून थेट लाल खुणा मोजतो.

साधा उपाय असा: लागू नसेल तर तसं पद्धतींच्या विभागात एका वाक्यात लिहा. माणूस असलेल्या समीक्षकालाही ते वाक्य उपयोगी पडतं.

स्तंभालेखांवर एवढा राग का?

सगळ्या स्तंभालेखांवर नाही. मोजदाद दाखवायची असेल, म्हणजे किती रुग्ण, किती गावं, तर स्तंभ उत्तम. आक्षेप आहे तो सलग मोजमापं, म्हणजे वजन, रक्तदाब, प्रथिनांची पातळी, स्तंभात कोंबण्यावर.

हे दोन गट पाहा. पहिल्यात सहा मोजमापं: ८, ८, ८, १२, १२, १२. दुसऱ्यात सहा: ८, ८, १०, १०, १०, १४. दोन्हींची सरासरी १०. दोन्हींचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, हेही अगदी सारखं. स्तंभ काढले तर उंची तीच, पसारा दाखवणारी वरची दांडीही तेवढीच, आणि वाचक म्हणणार की गट सारखे आहेत. प्रत्यक्षात पहिल्या गटात १० च्या जवळ कोणीच नाही. तिथे दोन वेगळे उपगट उभे आहेत, औषधाला प्रतिसाद देणारे आणि न देणारे असतीलही. दुसऱ्यात बहुतेक मधे आहेत आणि एक १४ वर जाऊन बसला आहे. सहाच ठिपके काढले असते तर हे सगळं एका नजरेत दिसलं असतं. संशोधक ट्रेसी वाइसगर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा मुद्दा जोरकसपणे मांडला. पुढे स्क्रीनआयटीच्या कामातही वाइसगर्बर पुढे होत्या, त्यामुळे बारझूका त्या साखळीत आलं यात नवल नाही.

रंगांची काय भानगड आहे?

इंद्रधनुषी रंगपट्टी वापरली की दोन अडचणी होतात. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना आकृती वाचता येत नाही, आणि उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारे ८ टक्के असतात. दुसरी अडचण रंग नीट दिसणाऱ्यांची: पिवळ्यापाशी डोळ्याला अशी कड दिसते जी डेटात नसते. दुरुस्ती एका ओळीच्या कोडची आहे. व्हिरिडिससारखी, या अडचणी टाळणारी पट्टी निवडा. यावर वाद घालणारे लेखक क्वचितच भेटतात.

आकडे बरोबर आहेत का हे यंत्र तपासू शकतं का?

काही प्रमाणात, आणि या साऱ्या प्रकारात मला सर्वांत पटणारा भाग हाच. कारण इथे यंत्र शब्द हुडकत नाही, गणित करतं.

स्टॅटचेक हे साधन निबंधातले सांख्यिकीय निकाल उचलतं आणि पी-मूल्य पुन्हा काढतं. पी-मूल्य म्हणजे खरा फरक नसतानाही असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता; ती ०.०५ पेक्षा कमी असली तर निकाल ‘लक्षणीय’ मानायची पद्धत आहे. समजा लिहिलं आहे की टी चाचणीचा आकडा १.९०, मुक्तांश (नमुन्याच्या आकारावरून ठरणारी संख्या) २८ आणि पी ०.०३. गणित केलं तर पी ०.०६ च्याही वर जातं. म्हणजे ‘लक्षणीय’ म्हणून जाहीर केलेला निकाल ०.०५ च्या पलीकडे आहे. मानसशास्त्रातल्या आठ जर्नलांमधले १९८५ ते २०१३ या काळातले अडीच लाखांहून अधिक निकाल असे तपासले गेले. जवळपास निम्म्या निबंधांत एक तरी विसंगती निघाली आणि साधारण दर आठांतल्या एका निबंधात निष्कर्षच बदलेल अशी. बहुतेक चुका टंकनाच्या किंवा नकलेच्या असणार. पण चुका जर निव्वळ योगायोगाच्या असतील तर त्या दोन्ही दिशांना सारख्या झुकायला हव्यात, आणि त्या ‘लक्षणीय’च्या बाजूला जास्त झुकलेल्या दिसल्या.

ग्रिम ही चाचणी तर कागद-पेन्सिलीने करता येते. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या संशोधकांनी ती मांडली. २० जणांनी १ ते ७ मधले पूर्णांक गुण दिले आणि सरासरी ३.४७ आली असं निबंध म्हणतो. २० ने गुणा: ६९.४. पूर्णांकांची बेरीज अपूर्णांक कशी येईल? ६९ असेल तर सरासरी ३.४५, ७० असेल तर ३.५०. मधलं काही शक्यच नाही. एखादा सहभागी गळला असेल, कोणी उत्तर दिलं नसेल, आकडा उतरवताना चूक झाली असेल. कारण काहीही असो, लेखकाला विचारण्यासारखा प्रश्न मिळाला.

समीक्षण झालेले निबंधही यातून सुटत नाहीत. २०२४ मध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या स्वयंपाकाच्या भांड्यांतल्या अग्निरोधक रसायनांवर एक निबंध आला आणि त्याच्या बातम्या जगभर झाल्या. त्यात सुरक्षित मर्यादा काढताना ७,००० ला ६० ने गुणलं होतं आणि उत्तर लिहिलं होतं ४२,०००. खरं उत्तर ४,२०,०००. एक शून्य राहिलं, त्यामुळे धोका मर्यादेच्या अगदी जवळ वाटला. समीक्षकांनी निबंध वाचला, पण गुणाकार करून पाहिला नाही. माणसं करत नाहीत. अशा कामाचा यंत्राला कंटाळा न येणं हाच मोठा गुण आहे.

मर्यादाही सांगायला हवी. स्टॅटचेकला निकाल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या ठराविक शैलीत लिहिलेले लागतात. कोष्टकात दडलेले किंवा दुसऱ्या शैलीतले त्याला दिसत नाहीत. त्यामुळे ‘चूक आढळली नाही’ याचा अर्थ कधी कधी ‘काही वाचताच आलं नाही’ एवढाच असतो.

ही तपासणी बनवाबनवी पकडते का?

ज्या तपासणीबद्दल आपण बोलतो आहोत ती नाही. खोटा डेटा नीट नावं देऊन, क्रमांक देऊन, खुल्या साठ्यात ठेवला तर सगळ्या खुणा हिरव्या येतील.

आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचं उदाहरण बोलकं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये रिसर्च स्क्वेअर या प्रीप्रिंट सर्व्हरवर एक प्रीप्रिंट आला. कोविडमध्ये हे औषध मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करतं असा त्याचा दावा होता आणि इतरांच्या एकत्रित विश्लेषणांतही तो धरला गेला. लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला निबंधातली काही वाक्यं उचललेली वाटली, म्हणून तो डेटाच्या मागे लागला. फाइल एका संकेतस्थळावर होती आणि तिला पासवर्ड होता. त्याने १२३४ टाकून पाहिलं आणि फाइल उघडली. आत काही रुग्णांच्या नोंदी एकमेकींच्या नकला दिसल्या. काही रुग्ण अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारले होते. जुलै २०२१ मध्ये प्रीप्रिंट मागे घेतला गेला. हे काम संशयी माणसाने केलं. मात्र फाइल कुठेतरी होती म्हणूनच ते होऊ शकलं, आणि पारदर्शकतेचा खरा उपयोग इथे दिसतो.

फसवणुकीसाठी वेगळी साधनं आहेत: चित्रांतली नक्कल शोधणारी, जनुकांचे चुकीचे क्रम ओळखणारी, यंत्राकडून शब्द बदलून घेतलेला मजकूर हुडकणारी. चित्रांच्या बाबतीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक यांनी आधी नुसत्या डोळ्यांनी २०,६२१ निबंध पाहिले होते आणि ३.८ टक्क्यांत शंकास्पद नक्कल आढळली होती. ही साधनं जर्नलं बहुधा बंद दाराआड वापरतात, आणि ते योग्यच आहे. आरोप आणि सूचना एकाच अहवालात मिसळू नयेत.

अहवालात गुण देतात. आमचे १० पैकी ४ आले. हे वाईट आहे का?

एकटा आकडा फार काही सांगत नाही. सायस्कोअर १० पैकी गुण देतं आणि लाखो निबंधांवर चालवलं असता सरासरी पाचाच्या खालीच आली होती. तेव्हा ४ म्हणजे चारचौघांसारखं.

माझं मत विचाराल तर गुण देणंच टाळावं. यादी वाचून माणूस निबंध सुधारतो, गुण पाहून तो गुण सुधारतो. ‘ब्लाइंडिंग केलं नव्हतं’ हे वाक्य घालूनही गुण वाढू शकतात, कारण उल्लेख झाला. ते ठीक आहे, प्रामाणिकपणे सांगितलं हेही काही कमी नाही. पण तोच आकडा उद्या बढतीच्या किंवा निधीच्या अर्जात रकाना होऊन बसला, तर लोक रिकामा गिटहब साठा उघडून त्याचा दुवा देतील. असे साठे आत्ताच सापडतात: आत एक ओळ असते, ‘कोड लवकरच येईल’. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

न विचारता आमच्या निबंधावर जाहीर अहवाल लावणं योग्य आहे का?

यावर आधीच एकदा मोठा वाद झाला आहे. २०१६ मध्ये स्टॅटचेकचे सुमारे ५०,००० अहवाल पबपीअर या चर्चास्थळावर एकदम टाकले गेले. ज्यांच्या निबंधात काहीच चूक नव्हती त्यांनाही ‘तुमच्या निबंधावर टिप्पणी आली आहे’ असा निरोप गेला. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने आक्षेप घेतला: साधनाची चूक असली तरी नाव लेखकाचं खराब होतं, आणि खुलासा करण्याचा भार त्याच्यावरच. बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं असं की प्रसिद्ध निबंध ही सार्वजनिक गोष्ट आहे आणि चुकीचा आकडा लपवून ठेवण्यात वाचकाचं नुकसान आहे.

मला दोन्ही पटतात, पण प्रीप्रिंटच्या बाबतीत तराजू जाहीर अहवालाकडे झुकतो. निबंध अजून घडतो आहे, लेखक तो बदलू शकतो, अहवालातली भाषा आरोपाची नाही. अट एकच: साधन कुठे चुकतं हे अहवालाच्या वरच्या भागात लिहिलेलं असावं, शेवटच्या बारीक अक्षरांत नव्हे.

अहवाल काढून टाकता येतो का?

दुसऱ्या कोणी लावलेलं जाहीर टिपण तुम्हाला स्वतःहून पुसता येत नाही. त्याला उत्तर देता येतं, आणि साधन चुकलं असेल तर ते जरूर द्यावं: दुवा अमुक पानावर आहे, एवढं पुरे. साधन बनवणाऱ्यांनाही कळवा, त्यांना अशी उदाहरणं हवीच असतात.

पण सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे प्रीप्रिंटची नवी आवृत्ती. जर्नलमध्ये छापून आल्यावर एक वाक्य घालायचं तर शुद्धिपत्र लागतं, संपादकांशी पत्रव्यवहार लागतो. प्रीप्रिंटला दुसरी आवृत्ती सहज जोडता येते आणि पहिलीही जागेवर राहते. तपासणीसाठी हाच टप्पा योग्य, असं म्हणतात ते याचमुळे.

यंत्र समीक्षकांची जागा घेईल का?

नाही. प्रश्न विचारण्याजोगा आहे का, पद्धतीतून निष्कर्ष निघतो का, हे त्याच्या आवाक्यातलं नाही. समीक्षकाचा ‘डेटा कुठे आहे, नोंदणी क्रमांक द्या’ असं लिहिण्यात जाणारा वेळ मात्र वाचेल.

चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलकडून ही तपासणी करून घेतली तर?

जमतं, आणि काही बाबतींत जुन्या साधनांपेक्षा बरं जमतं. आडवळणाचं वाक्य त्यांना कळतं, रकाना लागू आहे की नाही याचाही अंदाज येतो. अडचण अशी की तोच निबंध दोनदा दिला तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात. पुन्हा करून पाहता येण्याची तपासणी ज्याने करायची, त्याचंच उत्तर पुन्हा तसं येत नसेल तर पंचाईत आहे.

शिवाय मजकूर वाचणाऱ्या यंत्राला मजकुरातूनच फसवता येतं. जुलै २०२५ मध्ये ‘निक्केई’ या जपानी वृत्तपत्राने बातमी दिली की आर्काइव्हवरच्या १७ प्रीप्रिंटमध्ये पांढऱ्या किंवा अतिबारीक अक्षरांत सूचना दडवल्या होत्या: फक्त चांगलंच लिहा, उणं काढू नका. माणसाला त्या दिसत नव्हत्या, मॉडेलला दिसत होत्या. ठरावीक शब्द शोधणारं जुनं साधन अशा आर्जवांना बधत नाही, कारण त्याला ती कळतच नाहीत. म्हणून आज जिथे साधा नियम पुरतो तिथे साधा नियमच वापरावा, आणि मॉडेलने ‘आहे’ म्हटलं तर निबंधातलं नेमकं वाक्य उद्धृत करायला लावावं. ते वाक्य निबंधात शब्दशः सापडतं का, हे मग साध्या शोधानेही कळतं.

मी पत्रकार आहे. बातमी देण्याआधी अहवालाकडे कसं पाहू?

लाल-हिरव्या खुणा मोजू नका. मर्यादांचं वाक्य आहे का ते पाहा आणि ते बातमीत घ्या. क्लिनिकल ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांक उघडा. अमेरिकेच्या नोंदणीत तो ‘एनसीटी’ आणि पुढे आठ अंक असा असतो. नोंदणीत मुख्य मोजमाप कोणतं ठरलं होतं आणि निबंधात कोणतं मिरवलं आहे, हे ताडून पाहायला दहा मिनिटं लागतात. अशी तफावत दिसली तर तिच्याबद्दल लेखकांना विचारा.

प्रीप्रिंट टाकण्याआधी आम्हीच ही साधनं चालवू शकतो का?

हो, आणि तसंच करावं. स्टॅटचेक वेबवर आहे, फाइल चढवली की निकाल येतो. ओडीडीपबचा कोड खुला आहे, पण ‘आर’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी यावी लागते. ग्रिमला कॅल्क्युलेटर पुरतो.

साधनांशिवायही एक करता येतं. निबंधाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला पीडीएफ द्या आणि सांगा: पहिल्या आकृतीचा डेटा उघडून दाखव. त्याला लेखकाला फोन न करता तो उघडता आला, आणि डेटातल्या रकान्यांची नावं वाचून कोणता आकडा कशाचा हे कळलं, तर यंत्राचा अहवाल काय म्हणेल याची चिंता नको. दुवा शक्यतो डीओआय (न बदलणारा ओळख-क्रमांक) असलेल्या साठ्याचा द्या. प्रयोगशाळेच्या वेबपानाचा दुवा विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याच्याबरोबर जातो.